सरदारांची पोटदुखी आणि चार पळसगावं

“इतिहास तलवारीच्या पात्यावर लिहिला जातो!” आप्पांनी टेबलावर मूठ आपटली, तसा लाउडस्पीकर कुंईं करून ओरडला. “रक्ताच्या शाईनं लिहिला जातो! आणि असा इतिहास ज्या मातीत घडला ती माती म्हणजे, मंडळी, आपलं पळसगाव!”

मंडपात टाळ्यांचा कडकडाट झाला. तो ओसरल्यावर पहिल्या रांगेतल्या टेंभुर्णीकर साहेबांनी शाळेतल्या मुलासारखा हात वर केला.

“माफ करा. आमच्या कागदात पोटदुखी म्हटलंय.”

ते खरंच होतं. बखरीत पळसगावाबद्दल एकुलतं एक वाक्य सापडलं होतं: ‘मानाजीराव हंबर्डे मोहिमेस निघाले, ते पळसगावी पोट दुखो लागले, सबब गढीत मुक्काम जाहला.’ पुढची लढाई सरदारांवाचून झाली आणि जिंकलीही गेली. पण त्या एका वाक्यावर जुन्या वास्तू जपणाऱ्या कुठल्याशा मंडळानं संगमरवरी पाटी कोरून घेतली होती. टेंभुर्णीकर साहेब ती गोणपाटात गुंडाळून, तान्ह्या मुलासारखी मांडीवर घेऊन जीपमधून आले होते. पाटीवर लिहिलं होतं, ‘पळसगाव येथील ऐतिहासिक गढी’.

पळसगाव चार आहेत हे मंडळाला कुणी सांगितलंच नव्हतं.

पळसगाव बुद्रुक, पळसगाव खुर्द, पळसगाव घाट आणि नवे पळसगाव. बुद्रुक म्हणजे मोठं आणि खुर्द म्हणजे धाकटं, असं सरकारी दप्तर सांगतं. प्रत्यक्षात आमचं खुर्द बुद्रुकाच्या दुप्पट होतं, आणि हे बुद्रुकवाल्यांसमोर बोलून दाखवल्याशिवाय आमच्याकडे चहा गोड लागत नसे. नवे पळसगाव तर आपणच सगळ्यांत जुने असल्याचं सांगत असे. चारही ठिकाणी गढी होती. पळसाला पाने तीनच म्हणतात, पण आमच्या पळसाला गढ्या चार होत्या आणि प्रत्येक गढीत सरदारांचं पोट दुखलेलं होतं. आमच्या गढीत त्यांच्यासाठी ओवा कुटलेला खलबत्ता होता. बुद्रुकात ते पोट धरून बसले तो दगड होता, आणि त्या दगडाला दर अमावस्येला नारळ फुटायचा. घाटावर सरदार तांब्या घेऊन ज्या वाटेनं गेले ती वाटच दाखवत. नव्याच्या गढीची एकच भिंत उरली होती. त्यामुळे त्यांना पुरावा मागण्याची कुणाची छाती होत नसे.

अशा वेळी भांडण मिटवायला आमच्या गढीच्या पटांगणात चारही पळसगावांचं संमेलन भरलं. अध्यक्ष माझे वडील आप्पा, म्हणजे दत्तोबा वाबळे. घाटाकडून तुळशीराम तात्या ढमाले, बुद्रुकाकडून रंगनाथ नाना, नव्याकडून एकनाथ पाटील. एकनाथ पाटलांबरोबर त्यांचं सगळं गाव आलं होतं आणि ते एका बैलगाडीत मावलं होतं.

मला यांतल्या कोणत्याही गढीचं काही पडलेलं नव्हतं. माझं लक्ष होतं मंडपाच्या उजव्या कोपऱ्याकडे. तिथे घाटाच्या बायका स्वागतगीतासाठी पेटी घेऊन बसल्या होत्या आणि पेटीवर होती कुमुद. तुळशीराम तात्यांची मुलगी. आमची सुपारी फुटली होती आणि लग्न महिन्यावर आलं होतं. मी त्या काळी साप्ताहिकांत विनोदी लिहीत असे. अशा माणसाला मुलगी द्यायची म्हणजे धाडस लागतं. बऱ्याच घरांनी चहा पाजून, ‘काय करतो मुलगा?’ विचारून, मग घसा खाकरून मला परत पाठवलं होतं. कुमुदनं माझा एक लेख वाचला आणि वडिलांना सांगितलं, “लिहितात बरं. हसू आलं नाही, पण माणूस चांगला असावा.” त्या एका वाक्यावर मी तरंगत होतो.

सकाळचे दोन तास प्रत्येकानं सरदारांचं पोट आपल्याकडेच कसं दुखलं ते सांगितलं. रंगनाथ नाना म्हणाले, “आमच्या दगडावर बसून बघा, अजून दुखतंय.” तुळशीराम तात्या म्हणाले, “घाट चढूनच दुखलं, सपाटीला कशाला दुखंल?” एकनाथ पाटील एवढंच म्हणाले, “भिंत बघा.” साहेब वारंवार घड्याळ बघत होते. पाटीबरोबर स्क्रू आणि ड्रिलही आणलं होतं आणि ड्रिल त्यांना जीपवाल्याला परत द्यायचं होतं.

मग आप्पांना स्फूर्ती झाली. आप्पांना स्फूर्ती झाली की घरातले आम्ही सगळे पायात चपला घालून तयार राहत असू.

“मंडळी,” ते म्हणाले, “बखरीत बुद्रुक लिहिलंय का? नाही. खुर्द लिहिलंय का? नाही. पळसगाव लिहिलंय. का? कारण त्या काळी पळसगाव एकच होतं! आपण एकाच गावचे. एका आईची लेकरं. पुढं पांगलो. मी ठराव मांडतो, की चारही पळसगावं मुळात एकच गाव असून, इथले सर्व रहिवासी एकमेकांचे सख्खे बंधू-भगिनी आहेत. पाटी सगळ्यांची. तीन तीन महिने प्रत्येक गढीवर!”

“पण पाटी भिंतीत बसवायची असते,” साहेब म्हणाले.

“पालखी फिरती, तर पाटीला काय झालं?” रंगनाथ नाना म्हणाले. नाना आप्पांच्या बाजूनं बोलल्याची ही पहिलीच वेळ. लोक हात वर करून उभे राहिले, ठराव पास झाला. कुणी फेटे उडवले. तुळशीराम तात्या मंचावर आले आणि आजवर ज्यांना ‘व्याहीबुवा’ म्हणत होते त्या आप्पांच्या गळ्यात पडून म्हणाले, “दादा!”

“तुळशा!” आप्पा म्हणाले. दोघांच्याही डोळ्यांत पाणी आलं. माझ्याही आलं. सासरा आणि बाप एकमेकांना मिठ्या मारताना पाहणं कुणाच्या नशिबी असतं?

एवढ्यात मागून बुद्रुकाचा म्हादबा उठला. आमच्या पंचक्रोशीत जमलेली लग्नं मोडण्यात म्हादबाचा हात धरणारा दुसरा कुणी नव्हता. वधूपक्षाला वराचं पाचव्या पिढीतलं वेड आठवून देणं ही त्याची समाजसेवा.

“बेस झालं,” तो म्हणाला. “पर दत्तोबा, पोराचं आता काय करनार?”

“कुठल्या पोराचं?”

“तुझ्या. जयवंताचं. एका गावात सोयरीक होत न्हाई ना आपल्यात.”

आमच्या पट्ट्यात ही रीत फार कडक. गावातली लेक ती सगळ्या गावाची बहीण. शिवेच्या आतली मुलगी करून आणली तर विहिरीचं पाणी आटतं, असं म्हणत. एका माणसानं कधीतरी तसं केलं होतं आणि त्याच वर्षी विहीर आटली होती. तो दुष्काळ सगळ्या जिल्ह्यात पडला होता, ही गोष्ट कुणी जमेस धरत नसे.

“अरे, मुळात एक,” आप्पा चाचरले. “म्हणजे पूर्वी.”

“ठरावात ‘आहेत’ म्हनलास. सख्खे म्हनलास.” म्हादबा माझ्याकडे वळला. त्याच्या चेहऱ्यावर निखळ समाधान होतं. “जयवंता, आजपासनं कुमुदताई म्हनायचं, बरं का.”

मी पेटीकडे पाहिलं. कुमुदनं भाता दाबून ठेवला होता आणि पेटीतून एकच सूर लांबत चालला होता.

“आप्पा,” मी म्हणालो, “ठराव मागं घ्या.”

“आणि पाटी?” आप्पा कुजबुजले. “जयवंता, तीनशे वर्षांत आपल्या गावात पहिल्यांदा कुणी काहीतरी लावायला आलंय.”

“लग्न!”

“लग्न रद्द नाही. स्थगित. काहीतरी मार्ग काढू.”

मार्ग काढायला चौघे प्रमुख गढीच्या ओसरीवर जाऊन बसले. मी दाराशी उभा राहिलो. रंगनाथ नानांना लगेच मार्ग सुचला, “पोरीला तिच्या मामाला दत्तक द्या. म्हणजे ती मामाच्या गावची होईल.”

“मामा कुठले?” आप्पांनी विचारलं.

एकनाथ पाटलांनी संकोचून हात वर केला. मामा तेच होते. नवे पळसगावचे.

चौघे पुन्हा विचारात पडले, आणि तेवढ्यात लक्षात आलं की जेवायची वेळ कधीच टळून गेली आहे आणि भाकरीचा वास अजून आलेला नाही.

आप्पा स्वैपाकाच्या छपराकडे गेले, मी मागोमाग. चुली पेटलेल्या होत्या, पण परातीपुढे कुणी नव्हतं. सगळ्या बायका लिंबाखाली पाय पसरून बसल्या होत्या. मध्यभागी सोनाकाकू. माझ्या चुलत्यांची बायको, बुद्रुकाची लेक. आप्पा तिचे थोरले भावजी. लग्न होऊन आल्यापासून ती त्यांच्यासमोर कधी डोक्यावरच्या पदराशिवाय आली नव्हती, आणि काही सांगायचं झालं तर भिंतीला सांगायची. आता पदर खांद्यावर होता आणि ती दातात सुपारी फोडत होती.

“या, दत्तूदादा,” ती म्हणाली.

आप्पांनी मागं वळून पाहिलं, दुसरा कुणी दत्तूदादा आलाय का ते. नव्हता.

“वहिनी, भाकऱ्या—”

“वहिनी कुनाची? बहीण हाय मी. ठराव तुम्हीच केला न्हवं? बुद्रुक आन् खुर्द एकच गाव. म्हंजे मी इतकी वर्षं माहेरातच ऱ्हात होते आन् मला कुनी सांगितलंबी न्हाई.” तिनं सुपारी गालात सारली. “माहेरवाशीण चुलीपुढं बसती का, दादा?”

आमच्या गावात घरटी एक तरी सून दुसऱ्या पळसगावातून आलेली. बुद्रुकात आमच्या मुली, घाटावर बुद्रुकाच्या. मंडपातल्या अर्ध्या पुरुषांनी हात वर करून आपापल्या बायकोला बहीण करून टाकलं होतं. उरलेल्या अर्ध्यांनी टाळ्या वाजवल्या होत्या.

“मग भाकऱ्या कुणी करायच्या?” आप्पांनी विचारलं.

“तुमच्या बायकांनी.”

“आमच्या बायका...” आप्पांनी लिंबाखाली नजर फिरवली. माझी आईही तिथेच बसली होती. ती नव्याची. तिनं आप्पांकडे पाहून मान तुकवली, जसा बहिणीनं भावाला रामराम करावा.

आप्पा परत ओसरीवर आले तेव्हा दहा वर्षांनी म्हातारे दिसत होते. तरीही पाटीचा मोह सुटेना. “उपाशी राहू,” ते म्हणाले. “पण एकजूट मोडायची नाही. आज ना उद्या बायकांची समजूत पटेल.”

“बरोबर,” रंगनाथ नाना म्हणाले, पण त्यांचं पोट गुरगुरलं. साहेबांनी ते ऐकलं आणि बखरीच्या कागदाकडे नव्या आदरानं पाहिलं.

तेवढ्यात कुमुद आली. हातात आरतीचं ताट, निरांजन पेटलेलं, सुपारी, अक्षता. मागं सोनाकाकू चार पाट घेऊन. तिच्यामागं लिंबाखालच्या सगळ्या बायका.

“हे काय, पोरी?” तुळशीराम तात्यांनी विचारलं.

“ओवाळायचंय,” कुमुद म्हणाली. “इतके भाऊ एका दिवसात मिळाले. बहिणीनं ओवाळायला नको? बसा ना, दादा.” ती आप्पांना दादा म्हणाली.

“अगं, मी तुझ्या बापाच्या वयाचा.”

“ठरावात वयाची अट नाही.”

नाही म्हणायला जागाच उरली नाही. आप्पा, रंगनाथ नाना आणि एकनाथ पाटील पाटावर बसले. तुळशीराम तात्या उठून बाजूला झाले. सख्ख्या बापाला ठरावातही भाऊ होता आलं नसतं, एवढं त्यांना कळलं होतं. एक पाट मोकळा राहिला. म्हादबानं मागून मला ढकललं, “बस की. तूबी भाऊच.”

मी बसलो. काय करणार? चारही बाजूंनी गाव बघत होतं.

कुमुदनं आप्पांना कुंकू लावलं, डोक्यावर अक्षता टाकल्या, ओवाळलं. मग नानांना. मग मामांना. मग निरांजन घेऊन माझ्यासमोर आली. तिच्या चेहऱ्यावर ज्योतीचा उजेड हलत होता. एक फेरा झाला की मी कायमचा भाऊ. मी डोळे मिटले.

“यांना शेवटी,” ती म्हणाली, आणि ताट खाली ठेवून, मांडी घालून जमिनीवर बसली. “आधी तुमची ओवाळणी. ओवाळणी मिळेस्तोवर बहीण उठत नाही, ही पण रीतच ना?”

“हो, हो,” आप्पांना हायसं वाटलं. ते खिसे चाचपू लागले. “काय पाहिजे? साडी? पैंजण?”

“गढी,” कुमुद म्हणाली.

आप्पांचा हात खिशातच राहिला.

“गढी नको असेल द्यायची, तर गढीतला वाटा. सख्ख्या बहिणीला वाटा असतो आता. कायदा झालाय. पेपरात आलंय, यांनीच लिहिलंय त्यावर.” तिनं माझ्याकडे बोट केलं. “हसू आलं नव्हतं, पण माहिती बरोबर होती.”

कायदा नुकताच झाला होता आणि आमच्याकडे त्याचा उच्चार स्मशानात बोलावं तसा हळू आवाजात करत.

“पोरी, ते रक्ताच्या बहिणीला,” आप्पा म्हणाले. “आपलं नातं रीतीचं.”

“रीतीनं माझं लग्न मोडता, मग रीतीनंच वाटा द्या.”

मागून सोनाकाकूचा आवाज आला, “मला ओढ्याकाठचा मळा बास.”

“मला बुद्रुकातली विहीर,” बुद्रुकात दिलेली आमची कुणीतरी लेक म्हणाली. “माझ्या सासऱ्याच्या... माझ्या भावाच्या शेतातली.”

बायकांची रांग लागली होती आणि प्रत्येकीच्या हातात काहीतरी पेटलेलं होतं. कुणाच्या निरांजन, कुणाच्या नुसतीच वात, एकीच्या हातात तर चुलीतलं जळतं लाकूड. रांग मंडपाबाहेर वळली आणि रस्त्याला लागली.

रंगनाथ नाना पहिल्यांदा पाटावरून उठले. “दत्तोबा, मी आधीच म्हणत होतो, हा ठराव घाईत झाला.”

“तू? तूच पालखीचं काढलंस ना!”

“आमचा दगड वेगळा आहे. सरदार आमच्या दगडावर बसले. तुमच्या गावाशी बुद्रुकाचा काय संबंध?”

“काडीचा नाही!” आप्पा गरजले, आणि त्या गरजण्यात सुटका होती. ते ओसरीच्या कडेला जाऊन मंडपाला उद्देशून ओरडले, “मंडळी, ठराव मागे! खुर्द वेगळं, बुद्रुक वेगळं, घाट वेगळा, नवे वेगळं! आपला एकमेकांशी कसलाही संबंध नाही, कधी नव्हता आणि ईश्वरकृपेनं कधी असणारही नाही!”

सकाळपेक्षा मोठ्या टाळ्या पडल्या. सोनाकाकूनं पदर डोक्यावर घेतला आणि भिंतीला सांगितलं, “भावजींना म्हनावं, अर्ध्या तासात ताटं वाढते.” आई माझ्यासमोरून जाताना आप्पांकडे बघून बारीक हसली. आप्पा एवढे लाजलेले मी त्याआधी किंवा त्यानंतर कधी पाहिले नाहीत.

तुळशीराम तात्या आप्पांपुढे हात जोडून उभे राहिले. “व्याहीबुवा, आमच्या घाटावरच दुखलं होतं बरं का सरदारांचं.”

“खोटं! व्याहीबुवा, साफ खोटं!” आप्पा प्रेमानं म्हणाले, आणि चौघे पुन्हा मंचाकडे निघाले, एकमेकांच्या गढ्यांची यथेच्छ निंदा करत. म्हादबा एका कोपऱ्यात, एक चांगलं मोडलेलं लग्न हातातून गेलेल्या माणसासारखा बिडी ओढत होता. साहेब पाटी मांडीवर घेऊन विचारत होते, “मग स्क्रू कुठं मारू?”

ओसरीवर मी आणि कुमुद उरलो. ती अजून जमिनीवरच मांडी घालून बसली होती, समोर निरांजन विझत आलेलं. काहीतरी मोठं बोलायला हवं होतं. एवढ्या गावांपुढे, एवढ्या शतकांपुढे एकटीनं उभी राहिलेली ही मुलगी महिन्याभरात माझी बायको होणार होती. मी घसा साफ केला.

“कुमुद,” मी म्हणालो, “आज तुम्ही इतिहासाचा प्रवाह—”

“ते असू द्या,” ती म्हणाली. “आधी जरा हात द्या. दोन्ही पायांना मुंग्या आल्यात.”